'नंतर बघू'चा रंग राखाडी

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की २०२५ चा 'सुपरमॅन' डोळ्यांना बरा वाटला, आकाश निळं होतं, चड्डी परत आली होती आणि तीही लालभडक, आणि कितीतरी दिवसांनी सुपरहिरोच्या सिनेमात ऊन पडलेलं बघितलं. बास, दोन ओळी. त्यावर जी पत्रं आलीत ती बघून वाटलं की मी सिनेमावर लिहिलं नसून कुणाच्या तरी बांधावर नांगर घातलाय. अर्ध्यांनी डोक्यावर घेतलं, अर्ध्यांनी धारेवर धरलं, आणि एकजण तर पत्रभर नुसता हसलाय. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. काही पत्रांची भाषा जरा धुऊन घेतलीय, बाकी प्रश्न तुमचेच.

प्रश्न: ताई, मार्व्हलचे सिनेमे असे धुरकट का दिसतात हो? म्हणजे दणादण मारामारी चालूये, लाल-सोनेरी सूटवाला माणूस उडतोय, तरी सगळ्यावर कुणीतरी राखेचं पाणी शिंपडल्यासारखं वाटतं. माझा भाऊ म्हणतो फिल्म जाऊन डिजिटल कॅमेरे आले तेव्हापासून हे सुरू झालं, २००८ चा 'आयर्न मॅन' बघ आणि मग २०१२ चा 'अव्हेंजर्स' बघ म्हणतो. खरंय का? — डोळे चोळणारा

उत्तर: भावाची नजर चांगलीये, निकाल चुकलाय. पहिला 'आयर्न मॅन' फिल्मवर शूट झाला आणि 'अव्हेंजर्स' ॲरी कंपनीच्या अलेक्सा या डिजिटल कॅमेऱ्यावर, इथपर्यंत बरोबर. पण अलेक्साच्याच घराण्यातल्या कॅमेऱ्यांवर २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' शूट झालाय ज्यातली वाळू इतकी नारिंगी आहे की डोळ्यात जाईल असं वाटतं, आणि २०१७ चा 'ब्लेड रनर २०४९' सुद्धा, ज्याच्यासाठी सिनेमॅटोग्राफर रॉजर डीकिन्सला ऑस्कर मिळालं. तेव्हा कॅमेऱ्याला सुळावर चढवू नका.

होतं काय की डिजिटल कॅमेऱ्यात चित्र मुद्दाम फिकं टिपलं जातं, त्याला लॉग म्हणतात. सावलीतलाही तपशील हवा आणि उजेडातलाही, दोन्ही वाचवायचं म्हणून तो सगळंच मधोमध आणून ठेवतो. कच्चं फुटेज बघितलंत तर घाबराल, रात्रभर पाण्यात राहिलेल्या फोटोसारखं दिसतं. त्यानंतर कलर ग्रेडिंगला बसून ठरवायचं की काळं किती काळं आणि लाल किती लाल. आता ठरवायचं म्हटलं की कुणीतरी ठरवणारा लागतो ना, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

मोठ्या फ्रँचायझीचं शूटिंग डोळ्यासमोर आणा. मागे निळा नाहीतर हिरवा पडदा. त्याच्यावर पुढे शहर येणार, जंगल येणार की दुसरा ग्रह, नक्की नाही. सकाळ आहे की संध्याकाळ, तेही नक्की नाही. मग सिनेमॅटोग्राफरने दिवा कुठे लावायचा? तो बिचारा सगळीकडून थोडा थोडा लावतो, मऊसर, ढगाळ दिवसासारखा, कारण ढगाळ उजेडातला माणूस कुठल्याही पार्श्वभूमीवर चिकटवता येतो. एकदा का उन्हाची कडक सावली नाकाच्या डाव्या बाजूला पडली की मागचं ऊनही त्याच बाजूने यायला लागतं, म्हणजे पर्याय संपले, आणि स्टुडिओला पर्याय संपलेले आवडत नाहीत. म्हणून ग्रेडिंगमध्येही काळं पूर्ण काळं करत नाहीत, पांढरं पूर्ण पांढरं करत नाहीत, दहा वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले इफेक्ट एकमेकांना खपून जावेत म्हणून सगळं मधल्या पट्टीत गायचं.

'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मधली विमानतळावरची मारामारी आठवा. बारा सुपरहिरो, बारा रंगांचे कपडे, स्वप्नवत प्रसंग, आणि तो कुठे घडवला तर काँक्रीटवर, ढगाखाली. किंवा 'अव्हेंजर्स: एंडगेम'मधले टाइम ट्रॅव्हलचे ते पांढरे-लाल सूट. ते नटांच्या अंगावर नव्हतेच! शूटिंगच्या वेळी डिझाइन पक्कं झालं नव्हतं म्हणून आख्खेच्या आख्खे सूट नंतर कॉम्प्युटरवर घातले. जगातल्या सगळ्यात महागड्या सिनेमांपैकी एक, आणि हिरोने काय घालायचं ते शूटिंगच्या दिवशी ठरलेलं नाही.

मी याला 'नंतर बघू' म्हणते. 'नंतर बघू'ला स्वतःचा एक रंग असतो आणि तो राखाडी असतो. गंमत म्हणजे मार्व्हलला हा रंग फार आधी नडलाय. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता, हिरवा नव्हता. छपाईत तो राखाडी एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसराच यायला लागला म्हणून पुढच्या अंकापासून हल्कला हिरवा करून टाकला. छापखान्याने जे एका अंकात ओळखलं ते स्टुडिओला इतकी वर्षं उमगू नये म्हणजे कमालच.

प्रश्न: तुम्हाला ऊन आवडत असेल तर ट्रॅव्हल शो बघा. झॅक स्नायडरच्या सिनेमातली एकेक फ्रेम भिंतीवर लावण्यासारखी असते. हा नवा सुपरमॅन म्हणजे लहान मुलांचं कार्टून आहे, कुत्रा काय, चड्डी काय. स्नायडरची गोष्ट पूर्ण होऊ दिली नाही हा इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय आहे आणि तुमच्यासारखे लोक त्याला जबाबदार आहेत. — स्नायडरचा शेवटचा शिपाई

उत्तर: शिपाईसाहेब, सगळ्यात मोठा नसेल, पण अन्याय झाला हे मी पण म्हणते. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल पण वरच्या उत्तरातल्या रोगातून स्नायडर सुटलेला माणूस आहे. तो स्वतः स्टोरीबोर्ड काढतो, फ्रेम त्याच्या डोक्यात आधी असते. २०१३ चा त्याचा सुपरमॅन म्हणजे 'मॅन ऑफ स्टील' फिल्मवर शूट केलेला, रंग काढून घेतलेला, कॅमेरा खांद्यावर हलता, हे सगळं ठरवून केलेलं होतं, आवडो न आवडो.

ठरवलेलं आणि न ठरवलेलं यातला फरक बघायचा तर 'जस्टिस लीग'इतका चांगला धडा नाही. २०१७ मध्ये घरातल्या दुःखामुळे स्नायडर बाजूला झाला, जॉस व्हीडन या दुसऱ्या दिग्दर्शकाने उरलेलं शूटिंग केलं. तोवर सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने 'मिशन इम्पॉसिबल'साठी मिशी ठेवलेली, तिकडच्या करारामुळे ती काढता येईना, मग सुपरमॅनचा वरचा ओठ कॉम्प्युटरवर बनवला, आणि तो ओठ सगळ्या जगाने बघितला. शेवटच्या लढाईचं आकाश लालसर करून टाकलं. नंतर १८ मार्च २०२१ ला स्नायडरचं व्हर्जन आलं, चार तास दोन मिनिटांचं, जवळजवळ चौकोनी चौकटीत. लोक म्हणाले टीव्ही बिघडला की काय, पण त्याचं कारण होतं, ही पात्रं उभी आहेत, देवळातल्या मूर्तीसारखी उभी, आणि उभ्या माणसाला उंच चौकट लागते. तेच प्रसंग, तेच नट, आणि वेगळाच सिनेमा.

आता माझं भांडण ऐका. स्नायडरची चूक अंधार ही नाही, एकच मसाला सगळ्यांना लावणं ही आहे. बॅटमॅनला जो अंधार शोभतो तो सुपरमॅनला पण दिला तर दोघांच्या भेटीत उरलं काय? सुपरमॅन १९३८ चा, स्वस्त कागदावर चार शाईंत छापला जाणारा, तिथे लाल, निळा, पिवळा हेच रंग ठसठशीत उठायचे, दुरून बघितलं तरी पोराला कळायचं हा आपला माणूस. तो दुरून ओळखू यावा यातच त्याचं अर्धं कॅरेक्टर आहे. त्याला करडा केलात की तो नुसता तगडा माणूस राहतो. आणि कुत्र्याबद्दल काही बोलायचं नाही, कुत्रा चांगलाय.

प्रश्न: थ्रीडी की टूडी? — घाईत

उत्तर: टूडी. चष्म्याने पडद्यावरचा उजेड बराच कमी होतो, आधीच अंधारलेला सिनेमा मग विहिरीत बसून बघितल्यासारखा दिसतो. आणि घरी बघणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग नावाचा, हालचाल उगाच गुळगुळीत करणारा प्रकार बंद करा आणि पिक्चर मोड 'सिनेमा' नाहीतर 'फिल्ममेकर' ठेवा. निम्म्या लोकांच्या तक्रारी सिनेमाबद्दल नसून त्यांच्याच टीव्हीबद्दल असतात, असा माझा वर्षानुवर्षांचा संशय आहे.

प्रश्न: एवढे करोडो डॉलर ओततात तरी इफेक्ट असे लहान मुलांच्या गेमसारखे का? इफेक्टवाल्यांना कामच येत नाही का आता? १९७८ च्या सुपरमॅनमध्ये माणूस उडाला ते अजून खरं वाटतं. — जुनं ते सोनं

उत्तर: इफेक्टवाल्यांना शिव्या देणं थांबवा आधी. काम येतं त्यांना, वेळ देत नाहीत. एक सिनेमा दहा-पंधरा कंपन्यांत वाटला जातो, बरेचदा ठरलेल्या रकमेत, आणि मग रिलीज तोंडावर आलेली असताना निरोप येतो की व्हिलनचा तिसरा अंक बदललाय, परत करा. रक्कम तीच. २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय'ला इफेक्टचं ऑस्कर मिळालं त्याच महिन्यात तो वाघ बनवणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी दिवाळखोरीत गेलेली होती, यावरून धंद्याची तब्येत ओळखा. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स म्हणजे इफेक्टच्या कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने मतदान केलं. एकमताने! आमच्या घरात कुठला सिनेमा लावायचा यावर एकमत होत नाही.

आणि वाईट इफेक्ट दिसला की लोक लगेच म्हणतात खरं सामान वापरा, कॉम्प्युटर नको. तसं सरसकट नसतं हो. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या २०२३ च्या तिसऱ्या भागातला रॉकेट म्हणजे तो रॅकून, तो आख्खा कॉम्प्युटरचा आहे आणि त्याच्या लहानपणीच्या प्रसंगात माझ्या शेजारचा आडदांड माणूस नाक पुसत होता. त्याचा आणि नव्या 'सुपरमॅन'चाही दिग्दर्शक जेम्स गन, त्याची ख्याती अशी की पटकथा पूर्ण झाल्याशिवाय तो हलत नाही. काय बनवायचंय हे आधी माहीत असेल तर तेच हात, तेच कॉम्प्युटर सोनं करतात. तुमचा १९७८ चा ख्रिस्तोफर रीव्ह उडाला तो पण असाच, प्रत्येक शॉट कुठल्या बाजूने, कुठल्या युक्तीने घ्यायचा हे आधी ठरल्याशिवाय त्या काळात बटणच दाबता येत नव्हतं. त्यांच्याकडे 'नंतर' नव्हतंच मुळी.

आता एलईडीच्या भिंती आल्यात, म्हणजे हिरव्या पडद्याऐवजी नटाच्या मागे खरंच चित्र चालू असतं आणि त्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो. मला वाटलं होतं ही भिंत सगळ्यांना शिस्त लावेल, कारण मागचं चित्र शूटिंगच्या आधी तयार लागतं. २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये सिनेमॅटोग्राफर ग्रेग फ्रेझरने ती वापरली आणि ती कुठे आहे हे शोधून सापडत नाही. त्याच वर्षीच्या 'थॉर: लव्ह अँड थंडर'मध्ये पण वापरली आणि तिथे देव लोक वॉलपेपरसमोर उभे असल्यासारखे दिसतात. तेव्हा भिंत कितीही भारी घ्या, तिच्यावर काय लावायचं ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

प्रश्न: मला हा सगळा वाद फालतू वाटतो. गोष्ट चांगली असेल तर रंगाकडे कुणी बघत नाही. 'विंटर सोल्जर' राखाडीच आहे आणि तो मार्व्हलचा सगळ्यात चांगला सिनेमा आहे. आता बोला. — गोष्टवेल्हाळ

उत्तर: बोलते. तुमचं पहिलं वाक्य मला मान्य नाही, तिसरं शंभर टक्के मान्य आहे, आणि माझ्या वरच्या सगळ्या उत्तरांना तुम्ही चांगलंच भोक पाडलंय.

'विंटर सोल्जर' म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा २०१४ चा सिनेमा. हो, राखाडी. पण बघा ना, तो सिनेमा कशाबद्दल आहे? सरकारी इमारती, फायली, काचेची ऑफिसं, आपल्याच माणसावर विश्वास ठेवता येत नाहीये, आणि त्या सगळ्यात एक माणूस जो लाल-निळ्या काळातून आलाय आणि ज्याला इथे कुठलाच रंग सापडत नाही. लिफ्टमधला तो प्रसंग, एकेक मजल्यावर एकेक सुटाबुटातला माणूस आत येतो आणि कॅप्टनला कळत जातं. तिथे भडक रंग असते तर वाट लागली असती. तो राखाडी निवडलेला आहे. म्हणजे माझं म्हणणं सुधारून घेते, राखाडी हा गुन्हेगार नाही, आपोआप आलेला राखाडी हा आहे.

'द बॅटमॅन' तर राखाडीच्याही पलीकडे गेलाय, काळाच आहे सगळा. पण त्या काळ्यात नारिंगी, लाल असे दोनच रंग सोडलेत आणि ते जिथे येतात तिथे तुमची नजर बरोबर ओढतात, शेवटी पुरात अडकलेल्या लोकांना तो हातात लाल मशाल घेऊन वाट दाखवतो तो शॉट अर्धा अधिक काळोखच आहे. फ्रेझरने तर डिजिटल शूट करून ते फिल्मवर छापलं आणि परत स्कॅन करून घेतलं, नुसता तो खरखरीतपणा यावा म्हणून. इतका उपद्व्याप कुणी 'नंतर बघू' म्हणत करत नाही.

पण गोष्ट चांगली असली की रंग कुणी बघत नाही हे काही खरं नाही हां. बघत सगळेच असतात, सांगता येत नाही एवढंच.

प्रश्न: ताई मी ॲनिमेशन शिकतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. 'स्पायडर-व्हर्स' बघून मी या कोर्सला आलो. मला एक कळत नाही, तो सिनेमा इतका चालला, ऑस्कर मिळालं, तर मग बाकीचे सुपरहिरो सिनेमे तसे का नाही बनवत? — बारा फ्रेमवाला

उत्तर: नावावरूनच कळलं तुला अर्धं उत्तर माहितीये, पण बाकीच्यांसाठी सांगते. २०१८ च्या 'इंटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये त्यांनी गुळगुळीतपणा सोडून दिला. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात तिथे बऱ्याच ठिकाणी पात्राची पोझ दोन दोन फ्रेमला एकदाच बदलते, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. जंगलातला प्रसंग आठव, नवा स्पायडरमॅन माइल्स नवशिका म्हणून बारावर आणि मुरलेला स्पायडरमॅन पीटर चोवीसवर, दोघं त्याच झाडांवरून त्याच उड्या मारतायत आणि एक अडखळत जातोय, एक वाहत जातोय. कुणी डायलॉगमध्ये सांगितलं नाही की माइल्स कच्चा आहे. मग मागचं धूसर करायचं तर कॅमेऱ्यासारखं ब्लर न करता छपाईत रंग सरकल्यासारखं केलंय, सावलीत ठिपके भरलेत. जुन्या छापखान्याच्या चुका उचलून त्यांनी त्याची भाषा केली.

२०२३ च्या दुसऱ्या भागात तर प्रत्येक जग वेगळ्या हाताने काढलंय. ग्वेन या स्पायडर-मुलीच्या जगात भिंतींचे रंग तिच्या मनाप्रमाणे ओघळतात, बापलेकीचं भांडण चालू असताना खोली बदलत जाते, तो प्रसंग मी चार वेळा बघितलाय. आणि मुंबॅटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटनची सरमिसळ केलेलं शहर! त्याच्यासाठी त्यांनी आपल्या इंद्रजाल कॉमिक्सकडे बघितलंय. ज्यांनी लहानपणी त्या पानांचा वास घेतलाय त्यांना मी वेगळं काय सांगू.

मग सगळे का नाही करत? एक तर केलंय लोकांनी, त्यानंतरच्या कित्येक ॲनिमेशनपटांत ती झाक दिसते. पण जिवंत माणसांच्या सिनेमात हे आणायचं म्हणजे नटाचा चेहराच आड येतो. २००३ मध्ये अँग लीने 'हल्क'मध्ये पडद्याच्या चौकटी कॉमिक्ससारख्या कापून बघितल्या, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, मला तो सिनेमा तेव्हाही आवडला होता आणि अजूनही आवडतो, करा काय करायचं ते.

आणि एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते कारण तू याच धंद्यात जाणारेस. त्या दुसऱ्या भागावर काम केलेल्या काहींनी नाव न सांगता बोलून दाखवलंय की पूर्ण झालेले शॉट परत परत बदलायला लावले, तास मोजायचे बंद झाले, कित्येक जण मध्येच सोडून गेले. म्हणजे इतका देखणा सिनेमा पण 'नंतर बघू' करत करतच बनला, राखाडी झाला नाही कारण तो राखाडीपणा कुणीतरी रात्री जागून स्वतःच्या अंगावर घेतला. माझ्या थिअरीला हे बसत नाही, मला माहितीये. पण ते पोस्टर भिंतीवर लावशील तेव्हा हे पण डोक्यात असू दे.

प्रश्न: एकाच युनिव्हर्समधले सगळे सिनेमे एकसारखे दिसले पाहिजेत की नाही? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन गट पडलेत आणि एकाने ग्रुप सोडला. — ॲडमिन

उत्तर: नाही दिसले पाहिजेत. कॉमिक्समध्ये कधी होते एकसारखे? एकाच बॅटमॅनला एक चित्रकार जाड रेघेने काढतो, दुसरा नुसत्या सावल्यांनी, आणि वाचकाला कधी प्रश्न पडला नाही की हा तोच का. मार्व्हलने जेव्हा लगाम सैल सोडला तेव्हाच बरं दिसलंय, २०१७ चा 'थॉर: रॅग्नारोक' मार्व्हल कॉमिक्सचा जुना चित्रकार जॅक कर्बी याच्या चित्रांतून उचलल्यासारखा झगझगीत, २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'ला कपडे आणि प्रॉडक्शन डिझाइन दोन्हीची ऑस्कर मिळाली ती वाकांडा नावाचा न दिसलेला देश कुणीतरी आधी बसून शिंप्याच्या टाक्यापर्यंत ठरवला म्हणून. २०२५ च्या 'फँटास्टिक फोर'मध्ये साठचं दशक आणि त्या दशकाने बघितलेलं भविष्य असं दोन्ही एकत्र केलंय, गोष्ट मला थोडी पळपुटी वाटली पण ते घर, त्या गाड्या, तो गोलमटोल रोबो, पैसे तिथेच वसूल. जो ग्रुप सोडून गेला त्याला परत घ्या.

प्रश्न: आता सरळ विचारतो, सुपरहिरो सिनेमा मेलाय की नाही? आणि 'अव्हेंजर्स: डूम्सडे'ने मार्व्हल वाचेल का? — शेवटची आशा

उत्तर: मेलेल्याचा धंदा असा नसतो. आकडे बघा, २०१९ च्या 'एंडगेम'ने जगभर २७९ कोटी डॉलरच्या आसपास गोळा केले. चार वर्षांनी 'द मार्व्हल्स' साधारण २० कोटींवर आडवा झाला, आख्ख्या मालिकेतला सगळ्यात खालचा. लगेच सगळे तेराव्याच्या तयारीला लागले तर २०२४ ला 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३० कोटींच्या वर नेले. २०२५ ला 'सुपरमॅन' ६० कोटींच्या थोडा वर, 'फँटास्टिक फोर' ५२ च्या आसपास, 'थंडरबोल्ट्स' ज्याला लोकांनी चांगला म्हटलं तो ३८ च्या आसपास. म्हणजे मेला नाहीये, पण डोळे मिटून तिकीट काढणारा माणूस गेला. आता तो विचारतो, यात काय आहे?

तो का गेला तेही बघू. २०२१ या एका वर्षात मार्व्हलने चार सिनेमे आणि पाच मालिका आणल्या. नऊ! सिनेमा बघायचा तर आधी गृहपाठ. आणि गृहपाठ करूनही तपासायला कुणी नाही, कारण इथे पण तेच, नंतर बघू. 'इटर्नल्स'च्या शेवटी समुद्रातून डोंगराएवढा देव अर्धा बाहेर येऊन गोठतो, पृथ्वीवर याहून मोठी बातमी काय असेल, आणि पुढच्या सिनेमांत त्याच्याबद्दल कुणी धड बोलेना, २०२५ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये एकदाची आठवण झाली. 'इटर्नल्स'च्याच क्रेडिटमध्ये गायक हॅरी स्टाइल्स आला, टाळ्या घेतल्या, गायब. २०२२ मध्ये दुसऱ्या 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या शेवटी शार्लीझ थेरॉन आली, तीही गायब. कँग या व्हिलनवर सगळी मदार ठेवली, डिसेंबर २०२३ मध्ये ते काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला कोर्टाने दोषी ठरवल्यावर काढून टाकलं आणि मोठ्या गोष्टीचा खांबच गेला. दर वेळी उधारीवर टाळ्या घ्यायच्या आणि फेडायची वेळ आली की नवा उधारीवाला उभा करायचा, हे किती दिवस चालणार?

मार्व्हलची मालक डिस्नी, तिचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगर याने स्वतः कबूल केलंय की जास्त माल काढण्याच्या नादात लक्ष विभागलं गेलं, आता वर्षाला दोन, फार तर तीन सिनेमे. हे मला खरं औषध वाटतं. 'डूम्सडे' हे औषध वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये आपला जुना आयर्न मॅन रॉबर्ट डाउनी ज्युनियर याने 'डूम्सडे'चा व्हिलन म्हणून स्टेजवर मुखवटा काढला आणि आमच्या घरात किंचाळी ऐकू आली, ती माझीच होती, पण पाच मिनिटांनी डोकं शांत झाल्यावर वाटलं की हे घाबरलेल्या माणसाचं काम आहे. घरात भांडण झालं की जुना अल्बम काढून बसतात तसं. १८ डिसेंबर २०२६ ही तारीख दिलीय, मी जाणार, रडणार पण, त्याच्या दिग्दर्शकांना, रुसो बंधूंना, गर्दी हाताळता येते हे मान्य. पण त्याने मार्व्हल वाचेल का विचारलंत तर तो एका सिनेमाने वाचतही नाही आणि बुडतही नाही. मी तर त्यानंतर जो साधा, एकाच हिरोचा सिनेमा येईल ना, त्याच्याकडे डोळे लावून बसलेय.

डीसीकडे, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या स्टुडिओत, जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन २०२२ च्या नोव्हेंबरपासून प्रमुख आहेत. त्यांची एक गोष्ट मला आवडते की बॅटमॅनच्या क्लेफेससारख्या फुटकळ व्हिलनवर ते सरळ भयपट करायला निघालेत आणि मॅट रीव्ह्जच्या बॅटमॅनला त्याच्या काळोखात वेगळं राहू दिलंय. पुढे जमेल न जमेल, पण प्रत्येकाला स्वतःचं घर दिलंय.

प्रश्न: क्रेडिट संपेपर्यंत थांबायचं का? बायको म्हणते चल, पार्किंगमध्ये गर्दी होईल. — अर्धवट उभा

उत्तर: वहिनींना सांगा 'सुपरमॅन'साठी थांबाच. मध्ये एक आहे, सुपरमॅन आणि क्रिप्टो, म्हणजे तोच कुत्रा, चंद्रावर बसून पृथ्वीकडे बघतायत, बास, बसलेत. आणि अगदी शेवटी सुपरमॅन आणि त्याचा साथीदार हिरो मिस्टर टेरिफिक एका दुभंगलेल्या आणि परत जोडलेल्या इमारतीसमोर उभे आहेत, सुपरमॅन म्हणतो जोड जरासा वाकडा बसलाय, आणि टेरिफिक चिडून निघून जातो. ना नवा व्हिलन, ना पुढच्या सिनेमाची जाहिरात. आमच्या थेटरात दोन पोरं मागे वळून म्हणाली, एवढंच? मी मात्र अंधारात एकटीच हसत बसले होते.